फॉरमॅट मारायची घाई नको

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी पुण्यात सहकारनगरला राहते आणि गेली बरीच वर्षं घरूनच मराठी डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, अधूनमधून एखादा पीएचडीचा प्रबंध. माझा डेस्कटॉप २०१८ चा आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, विंडोज १०. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून भाच्याने ११ टाकायला घेतलं. मायक्रोसॉफ्टच्या त्या पीसी हेल्थ चेक नावाच्या तपासणीत सगळ्या हिरव्या खुणा आल्या होत्या. तरी दर वेळी तेच होतं. तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत जातं, रीस्टार्ट होतं, लोगोखाली गोल फिरत राहतं आणि मग 'अनडूइंग चेंजेस' येऊन मशीन परत विंडोज १० वर. शेवटी एक कोड दिसतो: ०एक्ससी१९००१०१ – ०एक्स२००१७.

दुकानातला मुलगा घरी येऊन गेला. पाच मिनिटं बघून म्हणाला, मदरबोर्ड गेलाय, नऊ हजार लागतील, नाहीतर फॉरमॅट मारून देतो. भाचाही फॉरमॅटच म्हणतोय. मुलगी फोनवर म्हणते, नवीनच घे. माझ्या मराठी सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक आहे, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि त्याची सीडी आता कुठे मिळत नाही. मार्चअखेर तोंडावर आली आहे. काय करू? आणि काहीच न करता गेलेल्या त्या मुलाला व्हिजिटचे तीनशे रुपये द्यायचे का?"

ताई,

भाच्याच्या हातातला पेन ड्राइव्ह आधी काढून घ्या आणि मार्च उलटेपर्यंत कपाटात टाका. पोराचा हेतू चांगला आहे, पण फॉरमॅट मारून डिस्क कोरी केल्यावर तुमचं मराठी सॉफ्टवेअर परत आणायचं कुठून, याचा त्याने विचार केलेला दिसत नाही. सीडी मिळत नाही म्हणता, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची एकमेव चालती प्रत आज तुमच्या सी ड्राइव्हवर आहे. विंडोज काय, पुन्हा टाकता येतं, हवं तितक्या वेळा टाकता येतं. हे पुन्हा टाकता येणार नाही. तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती एवढ्याचीच. बाकीचं सगळं निस्तरण्यासारखं आहे.

मदरबोर्डचं आधी मिटवून टाकू. विंडोज ११ ला मशीन चालत नसेल तर सेटअप ते सुरुवातीलाच सांगतो. प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूटची सोय ही सगळी तपासणी पहिल्या काही मिनिटांत होते आणि पास झालं नाही तर 'हा पीसी चालणार नाही' म्हणून तो तिथेच थांबतो. तुमचं मशीन ती चाळणी पार करून पुढे गेलं, फाइली उतरवल्या, रीस्टार्ट झालं. आणि मागे फिरल्यावर विंडोज १० वर दिवसभर काम करतंच आहे. मदरबोर्ड गेलेलं मशीन अहवालाची पानंच्या पानं प्रिंटला सोडत नाही, ते मुळात नीट चालूच होत नाही.

शिवाय मदरबोर्ड बदलण्यात एक छुपा खर्च आहे, तो दुकानात कोणी बोलून दाखवत नाही. मशीनबरोबर आलेल्या विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की विंडोजला ते नवं मशीन वाटतं आणि ॲक्टिव्हेशनची कटकट सुरू होते. मग 'करून देतो' म्हणत कोणीतरी क्रॅक टाकतं, आणि ज्या मशीनवर पतसंस्थेचे हिशोब आहेत त्याच मशीनवर कुणाचं काय बसलंय याचा पत्ता राहत नाही. व्हिजिटचे तीनशे मात्र देऊन टाका. मुलगा उन्हातून आला होता. निदानाचे पैसे वेगळे असतात, ते देऊ नका.

आता तो कोड. बहुतेक लोक पहिल्या भागावर अडकतात आणि तोच गुगलवर टाकतात. ०एक्ससी१९००१०१ याचा अर्थ इतकाच, की अपग्रेड मधेच मागे फिरलं आणि बहुधा कुठल्यातरी ड्रायव्हरमुळे, म्हणजे एखादं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे, फिरलं. हा कोड हजार वेगवेगळ्या कारणांनी येतो, म्हणून त्यावर हजार उपाय सापडतात आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे नसतात. कामाचा असतो तो दुसरा भाग. त्यात ०एक्सच्या पुढचा पहिला आकडा टप्पा सांगतो.

विंडोजचं अपग्रेड चार टप्प्यांत होतं. पहिल्यात तुमचं विंडोज १० चालूच असतं आणि मागे फाइली उतरत असतात. दुसऱ्यात मशीन रीस्टार्ट होऊन एका छोट्या, तात्पुरत्या विंडोजमध्ये शिरतं, जुनं उचलून बाजूला ठेवतं आणि नवं मांडतं. याला सेफ ओएस म्हणतात. तिसऱ्यात नवं विंडोज पहिल्यांदा जागं होतं आणि तुमच्या हार्डवेअरची ओळख करून घेतं. चौथ्यात तुमचं खातं, सेटिंग्ज वगैरे लागतं. तुमच्या कोडमध्ये २ आहे, म्हणजे गाडी दुसऱ्या टप्प्यात अडली. आणि २००१७ म्हणजे त्या तात्पुरत्या विंडोजला बूटच होता आलं नाही. मायक्रोसॉफ्ट याची दोन कारणं सांगतं: ड्रायव्हर, किंवा बाहेरच्या कंपनीचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर. एन्क्रिप्शन तुम्ही टाकलेलं नसणार. उरला ड्रायव्हर.

आणि तुमच्याकडे संशयित घरातच बसलाय. ते यूएसबीचं लॉक.

ही लॉकं, म्हणजे डोंगल, जुन्या काळात फार खोलवर घुसणारे ड्रायव्हर घेऊन यायची. नक्कल होऊ नये म्हणूनच तर ती होती, त्यामुळे ती विंडोजच्या पार गाभ्यात जाऊन बसत. पंधरा वर्षांपूर्वीचा असा ड्रायव्हर विंडोज १० ने सांभाळून घेतला, ११ च्या अपग्रेडमध्ये तो आडवा पडू शकतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: डोंगल उपटून ठेवलं म्हणजे त्याचा ड्रायव्हर गेला असं होत नाही. भाच्याने अपग्रेडच्या वेळी डोंगल काढलंही असेल, पण ड्रायव्हर आत तसाच आहे.

बघायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा, वर 'व्ह्यू' मध्ये जा आणि 'शो हिडन डिव्हाइसेस' वर क्लिक करा. यादी एकदम लांब होते. आधी न दिसणारी नावं फिकट, धुरकट रंगात येतात. कधीकाळी विकून टाकलेला प्रिंटर, एकदाच लावलेला कुणाचा तरी पेन ड्राइव्ह, जुना मोडेम, सगळे तिथे हजर असतात. त्यात 'हार्डलॉक', 'हॅस्प' किंवा लॉकच्या कंपनीचं नाव दिसलं की समजा. दुसरी खूण: विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. तिथे 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचं बटण आहे. ते चालू करायला गेलात आणि जुना अडेलतट्टू ड्रायव्हर असेल, तर विंडोज नकार देतं आणि विसंगत ड्रायव्हरची यादी फाइलीच्या नावासकट दाखवतं. त्या यादीचा मोबाइलवर फोटो काढा. काहीच तक्रार न करता रीस्टार्ट मागितलं, तर बटण परत बंद करून बाहेर या.

आता तुमचा मोठा प्रश्न सुटू शकतो असा एक मुद्दा. सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी वेगळी आणि लॉक बनवणारी कंपनी वेगळी असते. मराठी सॉफ्टवेअरवाल्यांनी लॉक बाहेरून विकत घेतलेलं असतं. त्यामुळे सॉफ्टवेअरची सीडी मिळत नसली, तरी लॉकचा नवा ड्रायव्हर बरेचदा लॉकच्या कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. डोंगलवर बारीक अक्षरांत नाव आणि मॉडेल छापलेलं असतं. भिंग घ्या, नाहीतर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. त्या नावाने ड्रायव्हर शोधा, उतरवा, आणि आधी विंडोज १० वरच टाकून बघा. लॉक ओळखलं गेलं आणि तुमचं सॉफ्टवेअर उघडलं, तर अर्धी लढाई तिथेच संपली. जुना ड्रायव्हर काढायचा तो त्यानंतर. नवा हातात येऊन चालून दिसेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. आणि ड्रायव्हर फक्त लॉकच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर फ्री डाउनलोड' म्हणून ज्या साइटी वर येतात त्यांच्याकडून नको. तिथे ड्रायव्हरबरोबर चार नको ते पाहुणे येतात.

लॉकच दोषी आहे असं शपथेवर सांगत नाही. दुसऱ्या नंबरवर अँटिव्हायरस येतो. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर त्याला 'पॉज' करून भागत नाही, पूर्ण काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, तेवढा काळ पुरतो. मग येतात प्रिंटर, स्कॅनर, कार्ड रीडर, बाहेरची हार्ड डिस्क. अपग्रेडच्या वेळी माऊस, कीबोर्ड आणि मॉनिटर एवढंच लावलेलं ठेवा. बोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं नवं बायोस (बोर्डमधलाच मूळ प्रोग्रॅम) आणि स्टोरेजचे ड्रायव्हर असतील तर तेही बघण्यासारखे आहेत. बायोस मात्र लाइट जाण्याची शक्यता असताना घालू नका आणि कोणी 'टीपीएम क्लिअर' करू लागला तर हात धरा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती नसेल तर सगळं आत अडकतं.

सी ड्राइव्हवर तीस-चाळीस जीबी मोकळे हवेत. २४० ची एसएसडी म्हणजे तुमची ओढाताण चाललेली असणार. डिस्क क्लीनअपमध्ये मागच्या फसलेल्या प्रयत्नांचा काही जीबी कचरा सापडेल, 'टेम्पररी विंडोज इन्स्टॉलेशन फाइल्स' या नावाने. तो खुशाल काढा.

पण हे सगळं नंतर. आधी प्रत.

एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' असा एक जुना कोपरा अजून शिल्लक आहे, नाव विंडोज ७ चं असलं तरी १० मध्येही चालतो. त्यात डावीकडे 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' आहे. याने तुमच्या सी ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत निघते, सॉफ्टवेअर, फॉन्ट, लॉकचा ड्रायव्हर सगळ्यासकट. बरोबर एका पेन ड्राइव्हवर 'रिकव्हरी ड्राइव्ह' करून ठेवा, म्हणजे उद्या मशीन उठलंच नाही तरी त्याने सुरू करून ती प्रत परत आणता येईल. नुसत्या फाइली कॉपी करून तुमचं भागणार नाही, कारण तुमचं मोलाचं फाइलींपेक्षा सॉफ्टवेअरमध्ये आहे.

फाइलींचं वेगळं एक दुखणं आहे, ते डीटीपीवाल्यांनाच कळतं. जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारी अक्षरांची ठरलेली पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात, वरचा फॉन्ट त्यांना मराठीचे आकार देतो. फॉन्ट गेला की अख्ख्या प्रबंधाचा कचरा दिसायला लागतो. म्हणून चालू कामांच्या फाइलींची आजच पीडीएफ काढा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तुमचे मराठी फॉन्ट उचलून वेगळे ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये बदलून देण्याची सोय असेल, तर जी कामं दर वर्षी तीच येतात, उदाहरणार्थ अहवालाचा साचा, तेवढी तरी बदलून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, जोडाक्षरं तपासत बसावी लागतात, पण मार्च संपल्यावर दुपारच्या वेळी होण्यासारखं आहे.

आता मार्चअखेरीचं. अहवाल हातात असताना कामाच्या मशीनचं अपग्रेड करू नये, हे माझं स्पष्ट मत. घाईचं कारणही नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरच्या कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, विंडोज अपडेट इथे गेलात की 'एनरोल नाऊ' असा दुवा दिसतो. मशीनवर २२एच२ आवृत्ती हवी (स्टार्टमध्ये 'विनव्हर' टाकलं की कळतं) आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवायला परवानगी दिलीत तर पैसे पडत नाहीत. ते नको असेल तर ३० डॉलर भरायचे किंवा मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट वापरायचे. एवढं आज संध्याकाळी करून टाका. मार्च सुरळीत पार पडेल आणि पुढचे काही महिनेही हातात राहतील.

मुलीचं म्हणणं कळतं, पण आठव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि एसएसडी असलेलं मशीन डीटीपीला आणखी काही वर्षं आरामात चालेल. नव्या मशीनवर तुमचं लॉकवालं सॉफ्टवेअर बसवायचा प्रश्न तसाच उरतो, तो विकत घेतलेल्या मशीनने सुटत नाही. खर्च करायचाच असेल तर रॅम १६ करा.

किंवा, आणि हा माझा आवडता मार्ग आहे, दुसरी एसएसडी घ्या. कॉम्प्युटरच्या सामानासाठी तपकीर गल्लीत गेलात तर पक्की पावती आणि वॉरंटीचं लक्षात ठेवा, बाकी घासाघीस तुम्हाला शिकवायला नको. जुनी एसएसडी काढून लेबल लावून ठेवायची, नवी बसवायची आणि तिच्यावर कोरं विंडोज ११ टाकायचं. भाच्याला फॉरमॅटची हौस आहे ना, ती इथे भागेल. नव्यावर लॉकचा नवा ड्रायव्हर टाकून बघा. मराठी सॉफ्टवेअर तिथे बसलं तर उत्तम. नाही बसलं तर जुनी एसएसडी परत लावली की तुमचं दुकान जसंच्या तसं उघडतं. अपग्रेड दोन-तीनदा फसल्यावर त्याच्याशी झुंजत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. कोऱ्या विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरलात, तर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. ती ४८ आकडी की त्या खात्यात बघून वहीत उतरवून ठेवा.

समजा एप्रिलमध्ये तुम्ही सरळ अपग्रेडच करायचं ठरवलंत. सकाळी लवकर बसा. गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा वार बहुधा तोच निघतो. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. घरगुती यूपीएस काही मिनिटं तग धरतो, अपग्रेडला तासभर किंवा जास्तही लागतो. बॅटरी शिल्लक आहे की नुसताच पिवळा दिवा, हे आदल्या दिवशी प्लग काढून पडताळा. अपडेटच्या बटणाऐवजी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (अख्खा सेटअप असलेली एकच फाइल) उतरवून, विंडोज १० चालू असतानाच त्यातला सेटअप चालवा. पेन ड्राइव्हवरून बूट करून नको, तसं केलं तर फाइली आणि प्रोग्रॅम ठेवायचा पर्यायच मिळत नाही. सेटअपमध्ये 'कीप पर्सनल फाइल्स अँड ॲप्स' हीच ओळ निवडलेली आहे ना, हे पुढे जाण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ही ओळ फिकट होऊन निवडता येत नसेल तर तिथेच थांबा, मागे या.

तपासणी टाळून विंडोज ११ बसवण्याच्या क्लृप्त्या व्हॉट्सॲपवर फिरत असतात. तुम्हाला त्यांची गरज नाही, तुमचं मशीन पात्र आहे.

वेगळा कोड आलेल्या वाचकांसाठी चार ओळी. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा कमी, दुसरं काही नाही. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्रॅम आड येतोय, बहुधा जुना अँटिव्हायरस. ०एक्ससी१९००१०७ म्हणजे मागच्या प्रयत्नाची साफसफाई राहिली आहे, रीस्टार्ट करून पुन्हा बघा. 'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन' अपडेट करता आलं नाही असं आलं, तर डिस्कच्या सुरुवातीच्या त्या छोट्या भागात जागा उरलेली नसते. त्यात स्वतः खुडबूड करू नका, जाणकाराला दाखवा.

अपग्रेड यशस्वी झालं तर लगेच जल्लोष नको. जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये दहा दिवस राखून ठेवलेलं असतं, तेवढ्यात परत फिरता येतं. डीटीपीला दहा दिवस कमी पडतात. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'डिझम स्लॅश ऑनलाइन स्लॅश सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो स्लॅश व्हॅल्यू कोलन ६०' ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली की मुदत ६० दिवसांवर जाते. हे पहिल्या दहा दिवसांतच करावं लागतं. मधल्या काळात डिस्क क्लीनअप करताना 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर खूण पडू देऊ नका, परतीचा रस्ता त्याच्याबरोबर जातो.

आणि पहिल्याच दिवशी एक तपासणीचं पान काढा. सॉफ्टवेअर उघडलं म्हणजे झालं, असं नसतं. त्या पानावर मुद्दाम अडचणीची अक्षरं घ्या: तऱ्हा, सुऱ्या, कुऱ्हाड, ॲप, ऑफिस, ज्ञानेश्वर, द्व्यर्थी, उद्ध्वस्त, हृदय, ऋतू. तुमच्या अहवालातला आकड्यांचा एक तक्ता आणि रुपयाचं चिन्ह. हे पान पडद्यावर, पीडीएफमध्ये आणि कागदावर, तिन्हीकडे सारखं दिसतंय का ते जुन्या प्रिंटशी ताडून बघा. पडद्यावर बरोबर दिसणारा 'तऱ्हा', 'सुऱ्या' मधला र छापताना नाहीसा झालेला सापडला, तर प्रिंटरचा नवा ड्रायव्हर टाकून बघा, आणि तोवर पीडीएफ करून छापा.

तरी पुन्हा फसलंच, तर सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात लॉग्ज, त्यात सेटअपडायग या फोल्डरमध्ये 'सेटअपडायगरिझल्ट्स' नावाची फाइल पडलेली असते. विंडोज स्वतःच ती लिहून ठेवतं. नोटपॅडमध्ये उघडली की 'फेल्युअर' आणि 'रेमेडिएशन' या शब्दांजवळ कामाचं काहीतरी सापडतं, कधी थेट ड्रायव्हरचं नावसुद्धा. ती फाइल आणि कोअर आयसोलेशनच्या यादीचा फोटो मला पाठवा. पडद्याचा फोटो काढाल तेव्हा कोडचा दुसरा भाग कापला जाऊ देऊ नका.